थेंबभर रक्त आणि आमचे सुसाट भावोजी

आमचे भावोजी चालत नाहीत. पाय धडधाकट आहेत, गुडघ्यांची कुरकुर नाही, पण चालणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात बसत नाही. ते निघतात आणि पोचतात. मधला भाग कुणाच्या नजरेस पडत नाही. ताईचं आणि त्यांचं जमलं तेव्हा ते वडिलांना घेऊन पहिल्यांदा आमच्या घरी आले. म्हणजे भावोजी आले. वडील अजून एक जिना खाली होते. चहा झाला, बोलणं झालं, आणि आम्ही 'बरं मग' म्हणेपर्यंत भावोजी खिडकीतून रस्त्यावर दिसले. त्यांचे वडील शांतपणे बुटाची नाडी बांधत आईला म्हणाले, "घाबरू नका. असाच जातो. पण परत येतो."

एवढ्या आश्वासनावर ताईनं संसार थाटला. त्याला आता वीसेक वर्षं झाली. ती अजूनही पहिलं वाक्य बोलते तेव्हा भावोजी समोर असतात आणि दुसरं वाक्य ती दाराला ऐकवते.

अशा माणसाला देवानं नोकरीही अशी दिली की तिथे हा दोष गुण ठरावा. एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डांतले रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवायचं काम. लॅब तळघरात आणि वॉर्ड चार मजल्यांवर पसरलेले. लिफ्ट आहे, पण भावोजींच्या मते ती आजारी लोकांसाठी असते. ते जिन्यानं, दोन-दोन पायऱ्या गाळत, मुठीत नमुन्याची नळी आणि कोपर इंजिनाच्या दांड्यासारखं पुढे-मागे. छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं खरं नाव आहे, पण ते वाचता येईल इतका वेळ ते कुणासमोर उभे राहत नाहीत. म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना सुसाटराव म्हणतं. हे त्यांना नावं ठेवणं वाटत नाही. पदवी वाटते.

दुपारनंतरच्या पाळीला त्यांच्याच कामावर दुसरा एक गृहस्थ असतो. त्याचं नाव हॉस्पिटलनं निवांत ठेवलंय. निवांत लिफ्टची वाट बघतो. लिफ्ट भरलेली असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघतो. भावोजी त्याच्याबद्दल घरी जेवताना बोलायचे तेव्हा त्यांचा घास हातातच राहायचा. "हा रक्त घेऊन निघाला की लॅबमध्ये पोचेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो."

साऱ्या हॉस्पिटलात भावोजी थांबायचे ती जागा एकच. तिसऱ्या मजल्यावर, नुकत्या जन्मलेल्या आजारी बाळांच्या विभागाच्या काचेच्या दाराशी. सिस्टर नळी आणून देईपर्यंत ते काचेला नाक लावून आतल्या मुठीएवढ्या डोक्यांकडे बघत राहायचे. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे सलग इतका वेळ कधी बघितलं नाही या माणसानं."

गेल्या वर्षी त्या विभागात एक नवं काम सुरू झालं. जन्मताना ज्या बाळांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही त्यांच्या मेंदूला इजा होण्याची भीती असते. अशा बाळाला काही दिवस खास थंड गादीवर ठेवतात, मेंदूला विसावा मिळावा म्हणून. पण आत इजा किती झाली हे त्या बाळाला विचारणार कसं? तर बाळांच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तात शोध घ्यायला सुरुवात केली. भावोजींनी मला हे समजावलं ते असं.

"तुझ्या घरात भिंतीच्या आत पाइप फुटला. तू काय करतोस? लगेच भिंत फोडतोस?"

"प्लंबरला बोलावतो."

"तो यायच्या आधी रे. ओल किती पसरली ते बघतोस. वाढतेय का वाळतेय ते बघतोस. तसंच हे. मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. ती मोजायची. पहिल्या दिवशी किती, दोन-तीन दिवसांनी किती. कमी होत असतील तर गळती थांबतेय."

"म्हणजे आकड्यावरून पुढचं सगळं कळतं?"

"सगळं नाही. डॉक्टर म्हणतात, आम्ही अजून शिकतोय. आकडा म्हणजे खूण, निकाल नाही," असं म्हणून ते उठून गेले. कुठे ते कळलं नाही.

या तपासणीला रक्त लागतं ते बाळाच्या टाचेतलं, काही थेंब. थेंबच का, तर अशा बाळाच्या अंगात सगळं मिळून एका पेल्यात मावेल इतकंच रक्त असतं. ते नखाएवढ्या नळीत घ्यायचं आणि लॅबमध्ये यंत्रात गरगर फिरवायचं. मग लाल भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. ते पाणी गुलाबी झालं तर घात. गुलाबी म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटल्या. आणि मोजायच्या प्रथिनांपैकी एक नेमकं त्या लाल पेशींतही असतं. मग गळती मेंदूतली की नळीतली, हे सांगता येत नाही. नमुना बाद. बाळाला परत टोचा.

आणि नमुने गुलाबी व्हायला लागले.

लॅबमधल्या बाईंनी (जाड चष्म्याच्या, कपाळावर एक दुसरा चष्मा नेहमी विसरलेल्या) ठरवलं की दोष सिस्टरांचा. टाच फार दाबली तर पेशी फुटतात, हे खरंच आहे. त्यांनी भावोजींबरोबर वर निरोप धाडला, "त्यांना सांगा, बाळाची टाच आहे, लिंबू नाही."

भावोजींनी तो निरोप नमुन्याच्याच वेगानं वर पोचवला. विभागाच्या मोठ्या सिस्टर म्हणजे तीस वर्षं बाळं हाताळलेली बाई. त्या टाच आधी कोमट फडक्यानं शेकतात आणि थेंब आपोआप येईपर्यंत श्वास धरून बसतात. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, तळघरात बसून टाचा दिसत नाहीत. आधी आपलं यंत्र पुसा."

भावोजी खाली. "त्या म्हणाल्या, यंत्र पुसा."

"असं म्हणाल्या?"

"अस्संच. आणि बाई, खरं सांगू, मलाही नाही आवडलं."

मग वर. "बाईंना राग आलाय. पण सिस्टर, तुमचं बरोबर आहे. लिंबू म्हणजे काय, काही बोलायची रीत?"

असं कित्येक दिवस चाललं. भावोजी दोन्ही पक्षांचे वकील, दोन्ही बाजूंनी पोटतिडकीनं लढणारे. घरी येऊन ताईला दोन्हीकडचे संवाद आवाज काढून करून दाखवायचे. एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही की वरच्या सिस्टर आणि खालच्या बाई यांच्या मधे तिसरं कुणीतरी असतं.

त्याच दिवसांत ते बाळ आलं. मुलगा. आई अजून दुसऱ्या वॉर्डात पडून होती आणि बाप विभागाबाहेरच्या बाकावर. बाप खिडक्यांच्या काचा बसवणारा. अंगठ्याला कायमची पट्टी आणि चेहऱ्याला तीन दिवसांची दाढी. शेजारी त्याची सासूबाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सकाळी पहिला नमुना निघाला. भावोजी नळी घेऊन बाकासमोरून असे सुटले की सासूबाईंच्या पिशवीतला कागद उडाला.

"बघितलंत?" काचवाला त्यांना म्हणाला. "आपल्या बाळासाठी धावतोय तो माणूस."

भावोजींनी जाता जाता हे ऐकलं. ऊर भरून आला आणि उरलेल्या पायऱ्या त्यांनी तीन-तीन गाळल्या.

नमुना गुलाबी निघाला. बाद.

मोठ्या सिस्टरांनी ओठ आवळून त्याच बाळाची दुसरी टाच शेकली आणि पुन्हा टोचलं. तोवर पाळी बदलली होती, तेव्हा नळी नेली निवांतनं, आपल्या नेहमीच्या चालीनं, वाटेत दोघांची विचारपूस करत. नमुना स्वच्छ, पिवळा.

तेच बाळ, त्याच सिस्टर, तेच यंत्र. बाईंनी कपाळावरचा चष्माही खाली घेऊन दोन्ही नळ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आले तेव्हा बाईंनी त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं. बसायला सांगितलं याचाच त्यांना धसका बसला.

"ही नळी निवांतची. ही तुमची."

भावोजींनी पिवळं पाणी पाहिलं, गुलाबी पाहिलं. "पण माझी लवकर पोचली होती," ते म्हणाले.

"लवकर पोचली. पण घुसळून पोचली. सुसाटराव, मोठ्या माणसांच्या भरलेल्या नळ्यांना तुमचं पळणं सोसत असेल. ही अर्धी भरलेली, चार थेंबांची. मुठीत धरून चार मजले उड्या मारल्या तर आतल्या पेशींचं काय होणार?"

बाईंना वाटलं होतं ते वाद घालतील, आणि त्यांनी त्याची तयारीही केली होती. ती वाया गेली. भावोजींनी एवढंच विचारलं, "आतापर्यंत जेवढ्यांना परत टोचलं, ते सगळे माझे?"

"सगळे नसतील," बाई म्हणाल्या. ही बाई खोटं बोलताना चष्मा पुसते. त्यांनी दोन्ही चष्मे पुसले.

त्या दिवशी भावोजी घरी आले आणि जेवायला बसले, आणि घासागणिक चावून जेवले. ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तेव्हा तिनं मला फोन केला, "ये बाबा लवकर, हे हळू जेवतायत."

मी पोचलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते. नुसते बसले होते. खुर्चीलाही हे नवीन असावं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मी दारात उभा राहून बघायचो त्यांच्याकडे. आणि तिकडे माझ्यामुळेच त्यांना पुन्हा सुई. तो काचवाला तर मला... जाऊ दे."

ताई माझी बहीण असली तरी डोळे पुसत बसणाऱ्यातली नाही. "मग आता काय करायचं? नोकरी सोडून घरी बसणार? घरात मला तुमची सवय नाही. चालायला शिका."

"या वयात?"

"मूल वर्षभरात शिकतं. तुम्हाला थोडा जास्त वेळ लागेल."

तिनं बशीत काठोकाठ पाणी भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. स्वयंपाकघर ते बाहेरचं दार. पहिल्या फेरीत बशीत काहीच उरलं नाही, माझी पँट मात्र ओली झाली. दुसऱ्या फेरीत ताई त्यांच्या पुढे उलटी चालत राहिली, म्हणजे वेग वाढला तर ते तिच्यावर आदळणार. आदळले. मी फडकं घेऊन मागे. आमची भाची तेवढ्यात कॉलेजातून आली, दारात उभी राहिली, तिनं हा वरातीसारखा प्रकार बघितला आणि काही न विचारता स्वतःच्या खोलीत गेली. शहाणी मुलगी आहे. झोपायची वेळ झाली तेव्हा अर्धी बशी टिकत होती.

पण खरी शिकवणी दुसऱ्या दिवशी. भावोजी निवांतकडे गेले. ज्याच्याबद्दल इतकी वर्षं घास हातात धरून बोलले, त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मला तुझ्यासारखं चालायला शिकव."

निवांतनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो सगळंच बराच वेळ करतो. "थट्टा करताय?"

"नाही."

"मग ऐका. पायांना सांगायचं, आपल्याला कुठेच जायचं नाहीये. डोकं म्हणेल पोचायचंय. डोक्याचं ऐकायचं नाही. आणि नळी मुठीत नाही, अशी, बोटांत उभी. पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखी."

दोघं हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये रिकाम्या नळ्या घेऊन शेजारी शेजारी चालले. एक सफाईवाली बाई पोछा टेकवून बघत राहिली आणि म्हणाली, "सुसाटराव, कुणी गेलं का हो?"

बाळाचा चौथा दिवस उजाडला. बाळाला थंड गादीवरून हळूहळू उबेत आणायचा दिवस, आणि नमुन्याचाही. हा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघायचा होता. ओल वाळतेय का वाढतेय ते ह्यावरून कळायचं. बाळांचे डॉक्टर मोठ्या सिस्टरांना म्हणाले, "ह्याचं रक्त आधीच कमी झालंय. ही तपासणी आपण अभ्यासासाठी करतोय, उपचारासाठी नाही. एकदाच घ्या. बिघडला तर बिघडला, मी परत टोचू देणार नाही."

सिस्टर नळी घेऊन दारात आल्या. भावोजी उभे होते. निवांतही होता, त्या दिवशी जादा कामाला म्हणून तो सकाळीच आला होता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत कप घेऊन बसला होता. सिस्टरांनी भावोजींकडे बघितलं आणि नळी त्यांना ओलांडून निवांतपुढे धरली. कुणी दोष द्यायचा नाही त्यांना. मीही तेच केलं असतं.

"माझा चहा व्हायचाय," निवांत म्हणाला.

कपात चहा नव्हता. सिस्टरांनाही ते दिसत होतं.

"यांना द्या," तो म्हणाला. "शिकलेत ते."

भावोजींनी नळी घेतली, बोटांत उभी धरली, आणि निघाले. पायांना सांगितलं, आपल्याला कुठेच जायचं नाहीये. पाय ऐकेनात. मग ऐकायला लागले. एक पाऊल, दुसरं पाऊल. नजर नळीवर, मान खाली.

बाकावर काचवाला बसला होता. त्यानं ते पाहिलं.

आता त्याच्या बाजूनं बघा. तीन दिवस हा माणूस त्या बाकावर होता. आतलं काही दिसत नव्हतं, डॉक्टर बोलायचे ते अर्धं कळायचं. त्याला कळणारी खूण एकच होती: निळ्या शर्टातला एक माणूस त्याच्या बाळासाठी धावतो. धावतो, म्हणजे अजून काहीतरी करण्यासारखं आहे. आणि आज तोच माणूस त्याच दारातून बाहेर आला होता, मान खाली घालून, पावलं मोजत.

काचवाला उठला. तो भावोजींच्या शेजारी आला आणि म्हणाला, "गेलं का?"

भावोजींना कळेचना. मग कळलं. थांबून दोन्ही हातांनी त्याला धरावं असं त्यांना वाटलं, पण हातात नळी होती आणि सिस्टरांनी बजावलं होतं की वाटेत कुठे रेंगाळू नका. ओरडून सांगायचं तर हात हलणार.

"नाही, नाही," ते नळीवरची नजर न काढता म्हणाले. "बाळ आहे. छान आहे. म्हणजे छान का ते मला नाही कळत, पण आहे. आत्ता हलवले हातपाय. चला माझ्याबरोबर. हळू."

"मग तुम्ही धावत का नाही?"

"धावलो म्हणूनच तर सगळं बिघडलं." आणि चालता चालता भावोजींनी त्याला सांगून टाकलं. पहिला नमुना, गुलाबी पाणी, दुसरी सुई. "तुमच्या बाळाला परत टोचलं ते माझ्यामुळे. तुम्ही त्या दिवशी सासूबाईंपाशी माझ्याबद्दल चांगलं बोललात. ते मी ऐकलं. तसं नव्हतं ते."

काचवाला पाच-सहा पावलं भावोजींच्या कोपराकडे बघत चालला. भावोजी सांगतात, आयुष्यात इतकी लांब पाच-सहा पावलं त्यांनी टाकली नव्हती.

मग काचवाला म्हणाला, "कोपर अंगाला चिकटवू नका. चिकटवलं की अंगाचा हिसका हाताला लागतो. थोडं सुटं ठेवा. हां. मोठी काच नेताना मी असंच नेतो."

"असं?"

"असं. आणि पुढे बघा, हातातल्या वस्तूकडे नाही. तिच्याकडे बघितलं की पाय अडखळतात. आमच्यात एक जण पुढे चालतो."

आणि तो पुढे गेला. समोरून स्ट्रेचर येत होतं, मागून जेवणाची गाडी, जिन्याच्या तोंडाशी भेटायला आलेल्यांचा घोळका. त्यानं दोन्ही हात पसरले आणि रस्त्यावर काच उतरवताना लावतो तो आवाज लावला. "बाजूला व्हा, बाजूला. काच येतेय."

सगळी माणसं भिंतीला लागली. काच कुठे दिसत नव्हती, पण असा आवाज आला की माणूस आधी अंग चोरतो आणि मग बघतो. जेवणाच्या गाडीवाल्यानं भांडी धरून ठेवली. एक बडे सर्जनसाहेबही पोट आत घेऊन उभे राहिले. त्या मोकळ्या वाटेनं पुढे काचवाला आणि मागे आमचे भावोजी, असे ते जिन्याशी आले.

"पायरी," काचवाला म्हणायचा. भावोजी पाऊल टाकायचे. "पायरी. वळण आहे. पायरी."

तळघरात लॅबच्या खिडकीपाशी बाई उभ्याच होत्या. त्यांनी नळी घेतली, यंत्रात ठेवली, झाकण लावलं. यंत्र घरघरायला लागलं. खिडकीच्या या बाजूला दोघं जण. कुणाच्या हातात आता काही नव्हतं, तरी दोघांची कोपरं अजून अंगापासून सुटी. काचवाल्यानं विचारलं, "किती वेळ?" भावोजी म्हणाले, "मला कधी कळलंच नाही. मी आतापर्यंत थांबलोच नाही इथे."

यंत्र थांबलं. बाईंनी नळी उजेडात धरली. नाकावरच्या चष्म्यातून पाहिली, मग कपाळावरचा खाली घेऊन पाहिली. मग खिडकीशी आणून दोघांना दाखवली. वरचं पाणी पिवळं होतं. फिकट, नितळ पिवळं.

"म्हणजे बाळ बरं आहे?" काचवाल्यानं विचारलं.

तो आकडा दुसऱ्या दिवशी आला, पहिल्यापेक्षा बराच खाली उतरलेला. आणि डॉक्टरांनी तो आईबापांना सांगताना 'चांगली खूण आहे' म्हणून पुढे इतके 'पण' आणि 'तरी' जोडले की काचवाल्याला पुन्हा पहिलं वाक्य विचारून घ्यावं लागलं. पण त्या खिडकीशी तेव्हा यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं.

"ते मला इथून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "नमुना चांगला आलाय. तपासणी नीट होईल. वाया गेलं नाही त्याचं रक्त."

काचवाल्यानं मान हलवली. त्या दिवसाला इतकं पुरे होतं. "हे तिला सांगतो वर जाऊन," तो म्हणाला आणि वळला, आणि एक पाऊल, मग दुसरं, असा जपून चालायला लागला.

भावोजींना ते बघवेना. "अहो," त्यांनी मागून हाक मारली. "तुमच्या हातात काय आहे आता? धावा की."

काचवाल्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि धावला.

भावोजी जिन्याच्या तोंडाशी मान कलती करून ऐकत राहिले. वर चपलांचे आवाज होत होते. "दोन-दोन गाळतोय," ते बाईंना म्हणाले. "वळणावर जरा कच्चा आहे. पण चांगला धावतो."